गणपतीचे मखर तिसऱ्या दिवशी का झुकते? पावसाळी हवेतल्या कागदी सजावटीची दुखणी आणि त्यांवरचे उपाय

चतुर्थीच्या सकाळी ताठ उभे असलेले मखर तिसऱ्या दिवशी किंचित पुढे झुकते, पाचव्या दिवशी कमानीचा एक कोपरा सुटतो, आणि ज्या घरांत गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो तिथे शेवटचे काही दिवस मागे पाट उभा करून आणि वर सेलोटेपच्या पट्ट्या ओढून कसेबसे काढावे लागतात. रात्री दोनच्या सुमारास, घर झोपलेले असताना, कमानीवरचे कागदी कमळ सुटून खालच्या तबकात पडल्याचा जो हलका ‘टप्’ आवाज होतो, तो आमच्या घरात इतक्या वेळा ऐकला गेला आहे की एके काळी त्याने कोणी दचकतही नसे. मी मुलुंडला राहते, आणि आमच्या इमारतीत दर भाद्रपदात ही तक्रार घेऊन कोणी ना कोणी दार वाजवतेच. पहिला प्रश्नही ठरलेला असतो: ‘यापेक्षा चांगला गोंद कोणता?’

माझे उत्तर दर वेळी तेच असते, आणि ते ऐकणाऱ्याला फारसे आवडत नाही. दोष बहुतेक वेळा गोंदाचा नसतो. आपण पुठ्ठ्याला थर्माकोलसारखे वागवतो, हे खरे दुखणे आहे.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गणेशोत्सवापुरती थर्माकोलच्या सजावटीला सवलत देण्यास नकार दिला. बंदी योग्यच होती. मात्र त्याआधीची कित्येक वर्षे आपला हात थर्माकोलवर बसलेला होता. थर्माकोल हवेतली ओल जवळजवळ शोषत नाही, स्वतः हलके असते, त्यात टाचणी खुपसली की ती राहते, आणि चार फुटांची कमान नुसती तळाशी चिकटवली तरी दहा दिवस उभी राहते. बंदीनंतर आपण साहित्य बदलले, पण कृती तीच ठेवली. तीच चार फुटांची कमान आता पुठ्ठ्याची केली, तशीच तळाशी चिकटवली, आणि वर कार्डशीटच्या फुलांचे ओझे तसेच लादले.

कागद आणि पुठ्ठा हे मुळात वनस्पतीचे तंतू आहेत, आणि ते हवेतली ओल आत घेतात व बाहेर सोडतात. मध्यम कोरड्या हवेत कागदाच्या वजनात साधारण पाच ते सात टक्के पाणी असते. मुंबईत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवेतली आर्द्रता बऱ्याचदा ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते, आणि अशा हवेत तोच कागद त्याच्या जवळपास दुप्पट पाणी धरून बसतो. खोक्याच्या पन्हळी, म्हणजे आत लाटांसारख्या वळ्या असलेल्या, पुठ्ठ्याची उभ्याने भार पेलण्याची ताकद तर एवढ्या ओलीत निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे दुकानातून आणलेला पुठ्ठा आणि तिसऱ्या दिवशीचा पुठ्ठा या दोन निराळ्या वस्तू आहेत असे धरूनच काम करावे लागते.

आत्ताच झुकले असेल तर

हा मजकूर आपण गणपती घरात असताना वाचत असाल, तर कारणमीमांसा बाजूला ठेवून आधी एवढे करावे. सुटलेल्या जागी पुन्हा पांढरा गोंद ओतू नये, कारण तो पाण्यात कालवलेला असतो आणि आधीच ओलावलेल्या पुठ्ठ्याला आणखी ओलावतो. प्रथम कमानीच्या वरच्या भागावरचे वजन कमी करावे: मोठी फुले, झुंबर, चमकीचे गोळे खाली उतरवावेत. त्यानंतर बांबूच्या दोन कामट्या, जुनी लाकडी मोजपट्टी किंवा पडद्याचा रिकामा दांडा यांपैकी जे सापडेल ते कमानीच्या मागे उभे धरून दोऱ्याने बांधावे. बांधण्यासाठी दाभणाने पुठ्ठ्याला दोन-दोन छिद्रे पाडावीत, दोरा पुढून मागे ओवावा, आणि पुढच्या बाजूला शर्टाचे एक जुने बटण अडकवावे. बटण नसेल तर ओला पुठ्ठा दोऱ्याने लोण्यासारखा कापला जातो. बटणावर एखादे लहान फूल टाचले की ते दिसतही नाही.

कमान पुढे झुकलेली असेल, तर तिच्या दोन्ही खांद्यांपासून मागे पडद्याच्या दांड्याकडे किंवा खिडकीच्या ग्रिलकडे तंगूस ओढावा. मासेमारीचा हा पारदर्शक नायलॉनचा दोरा कोणत्याही किरकोळ सामानाच्या दुकानात मिळतो आणि दोन हातांवरून दिसत नाही. त्याची साधी गाठ घसरते, म्हणून गाठ तिहेरी मारावी.

यात एक अडचण अशी असते की प्राणप्रतिष्ठा झाल्यावर मूर्ती हलवत नाहीत, आणि मखर भिंतीला टेकवून लावलेले असेल तर मागे हात जात नाही. मागच्या बाजूने दुरुस्ती करता येईल एवढी, किमान वीतभर जागा पहिल्या दिवशीच सोडावी असे मी सर्वांना सांगते. या जागेचा दुसरा उपयोग पुढे येईल.

पुठ्ठा कमानीसारखा वळतो

माझे आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात पुस्तकबांधणीचे काम करीत, आणि पुठ्ठा का वळतो हे मला त्यांच्याकडून समजले. लहानपणी मी एका पुठ्ठ्यावर सोनेरी कागद मोठ्या हौसेने चिकटवला होता आणि दुसऱ्या दिवशी तो पन्हळासारखा वळला होता. आजोबांनी तो हातात घेतला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वर्तमानपत्राचा कागद तसाच मैद्याची खळ लावून डकवला. मग तो दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वर पाटा ठेवला. पाटा तिसऱ्या दिवशी उचलला तेव्हा पुठ्ठा सरळ होता. ते एवढेच म्हणाले, ‘एका गालाला हळद लावलीस, दुसरा कोरा ठेवलास, मग तोंड वाकडं होणारच.’

त्यामागचे कारण असे आहे. ओला गोंद लागला की कागद फुगतो, त्याच अवस्थेत तो पुठ्ठ्याला चिकटतो, आणि वाळताना आकसत पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. मागच्या बाजूलाही तितकाच कागद तितक्याच गोंदाने लावला की दोन्हीकडची ओढ सारखी होते. हा मागचा कागद सुंदर असण्याची गरज नसते, रद्दी चालते. रंगाचेही तसेच आहे: पुढून दोन हात रंग दिला असेल, तर मागूनही किमान एक हात द्यावा.

चमकीच्या किंवा सोनेरी मुलाम्याच्या कार्डशीटचे वळणे थोडे निराळे असते. तिच्या एका बाजूवर प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि त्यातून ओल शिरत नाही, दुसरी बाजू मात्र उघडा कागद असते. पावसाळी हवेत ही उघडी बाजू फुगते, आणि चमकणारी बाजू आत घेऊन शीट गुंडाळू लागते. अशा शीटची मोठी पाती कापू नयेत. हातभर लांबीचे सोनेरी खांब करायचेच असतील तर ते सपाट न ठेवता नळीसारखे गोल करावेत, म्हणजे वळायला जागाच राहत नाही.

पन्हळी पुठ्ठ्याच्या बाबतीत एक चूक मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहते. खोके उघडून त्यावर कमान आखताना आपण जागा कुठे वाचते एवढेच पाहतो, आतल्या पन्हळी कोणत्या दिशेने जातात हे पाहत नाही. पन्हळी उभ्या असल्या तर त्या बारीक खांबांसारखा भार घेतात, आडव्या असल्या तर त्याच ठिकाणी पुठ्ठा बिजागरीसारखा मोडतो. कमानीचे दोन्ही पाय कापताना पन्हळी खालून वर जातील असेच कापावेत. पुठ्ठा दोन पदरी हवा असेल तर दुसरा पदर आडव्या पन्हळींचा लावावा, म्हणजे एकाचे उणे दुसरा भरून काढतो. किराणा दुकानातल्या बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा बहुधा थ्री-प्लाय म्हणजे तीन थरांचा असतो, तर फ्रीज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा फाइव्ह-प्लाय, पाच थरांचा. इमारतीत कोणाकडे नवे यंत्र आले की खोके मागून ठेवावे. ते फुकट मिळते, आणि विकतच्या कोणत्याही ‘क्राफ्ट बोर्डा’पेक्षा टणक असते.

साध्या कार्डशीटलाही तंतूंची एक दिशा असते. शीट हातात धरून आधी लांबीत आणि मग रुंदीत हलकेच वाकवून पाहावी: ज्या बाजूने ती सहज गोल होते, त्या गोलाईच्या अक्षाला समांतर तिचे तंतू असतात. घडी नेहमी तंतूंच्या दिशेने घालावी, म्हणजे ती धारदार पडते. उलट दिशेने घातली तर कागद घडीवर फाटल्यासारखा दिसतो आणि ओलीत पुन्हा उघडतो.

ओल आत शिरण्याची मुख्य जागा कापलेली कड असते. पुठ्ठ्याच्या सपाट अंगावर आपण रंग देतो, कागद चिकटवतो, आणि कडा मात्र उघड्या ठेवतो. कडांवर मास्किंग टेप किंवा कागदाची पट्टी डकवावी, अथवा घाई असेल तर पांढरी मेणबत्ती दोन-तीन वेळा दाबून फिरवावी. मेण कागदी पट्टीइतके टिकत नाही, पण दहा दिवस पुरते. ज्यांना दोन-तीन वर्षे टिकणारे मखर करायचे आहे, त्यांनी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे पॉलिश दोन्ही बाजूंनी द्यावे. लाखेपासून केलेले हे पॉलिश फर्निचरवाले वापरतात आणि ते हवेतली ओल चांगली अडवते. मात्र स्पिरिट पेट घेते, म्हणून हे काम गॅलरीत, शेगडी आणि निरांजनापासून दूर, आणि सणाच्या किमान आठवडाभर आधी करावे. त्याने पांढऱ्या कागदावर पिवळसर झाक येते. मला ती आवडते, काहींना आवडत नाही.

काम सुरू करण्याआधी पुठ्ठा आणि कार्डशीट मंद इस्त्रीने, वर कोरा सुती कपडा ठेवून, दोन्ही बाजूंनी दाबून घेण्याची सवय मी लावून घेतली आहे. कपड्याखालून वाफेचा जो वास येतो, त्यावरूनच त्यात किती पाणी होते हे कळते. मुलामा असलेल्या शीटवर किंवा फोम शीटवर मात्र इस्त्री अजिबात फिरवू नये.

जोड सुटतात

इथे अखेर गोंदाकडे यावे लागते. घरात सहसा दोन प्रकारचे गोंद असतात: बाटलीतला पांढरा गोंद आणि गन-मधून निघणारा गरम गोंद. पांढरा गोंद त्यातले पाणी उडून गेल्यावर पकडतो. कोरड्या दिवसांत तो एका रात्रीत पूर्ण वाळतो, पावसाळ्यात मात्र पाणी उडायला हवेत जागाच नसते, आणि वरून वाळल्यासारखा दिसणारा जोड आतून दोन दिवस मऊ राहू शकतो. आता आपली पद्धत आठवून पाहावी. हरतालिकेच्या रात्री जेवणे झाल्यावर आपण मखराला बसतो, पहाटे तीनला शेवटचे फूल चिकटवतो, आणि सकाळी मूर्ती आणतो. त्या फुलाखालचा गोंद वाळलेला नसतोच. तिसऱ्या दिवशी पडते ते हेच फूल.

यावर इलाज कंटाळवाणा आहे: चिकटवण्याचे सगळे काम चतुर्थीच्या तीन दिवस आधी संपवावे, गोंद जाड न ओतता पुठ्ठ्याच्या तुकड्याने खरवडून पातळ पसरावा, आणि जोडावर कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर पंख्याखाली ठेवावे. जाड थर जास्त घट्ट धरतो हा समज चुकीचा आहे. जाड थर फक्त जास्त वेळ ओला राहतो.

गरम गोंद पाण्यावर अवलंबून नसतो, लगेच पकडतो, आणि म्हणून पावसाळ्यात सोयीचा वाटतो. त्याची अडचण पृष्ठभागाची आहे. गुळगुळीत मुलामा, जिलेटिन कागद, रंगवलेली कुंदने यांवर तो नुसता बसतो, आत शिरत नाही, आणि नखाने उचलला तर थेट पापुद्र्यासारखा निघतो. अशा ठिकाणी चिकटवायच्या जागेवर आधी बारीक सँडपेपर फिरवून चमक काढावी. शिवाय गोंद लावल्यावर चार-पाच सेकंदांच्या आत दाबला नाही, तर तो वरून साकळतो आणि जोड पोकळ राहतो. पंखा सुरू असताना हे हमखास होते.

तरीही माझा कल असा आहे की वजन पेलणारा एकही जोड नुसत्या गोंदावर ठेवू नये. गोंदाने फूल धरावे, कमान धरू नये. कमानीचे दोन भाग एकमेकांत खाच पाडून अडकवावेत, किंवा दाभणाने भोके पाडून सुतळीने शिवावेत, आणि वर हवे तर सोनेरी लेस लावून शिवण झाकावी. सिंधुदुर्गातल्या घरांत गणपतीवर जी माटवी बांधतात, तिच्याकडे एकदा या नजरेने पाहावे: लाकडाची चौकट, तिला टांगलेली नारळ-सुपारी, कवंडळे, हरणाची फुले. तिथे चिकटवलेले काहीच नसते, सगळे बांधलेले असते. बाहेर कोकणातला पाऊस मुंबईपेक्षा कमी नाही, तरी माटवीतले काही रात्री दोनला पडत नाही. मुंबईच्या कित्येक घरांची मुळे तिकडचीच असताना आपण ही रीत गावीच ठेवून आलो, याचे मला नेहमी नवल वाटते.

भिंतीवरून निसटते

दुहेरी टेपने लावलेल्या पताका आणि फुले भिंतीवरून पडतात, तेव्हा पडलेल्या टेपची मागची बाजू पाहावी. तिच्यावर पांढरी भुकटी दिसली, तर टेपने आपले काम केले आहे आणि भिंतीने केलेले नाही. डिस्टेंपर किंवा चुन्याच्या भिंतीवर तळहात घासला आणि तो पांढरा झाला, तर त्या भिंतीवर कोणताही टेप टिकणार नाही, कितीही महाग घेतला तरी. जास्त घट्ट टेप घेतला तर तो जाताना रंगाचे पोपडे घेऊन जाईल, आणि भाड्याचे घर असेल तर घरमालकाचे बोलणेही पदरात पडेल.

मुंबईत यात आणखी एक गोष्ट मिसळते. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे इमारतीची पश्चिम आणि दक्षिण बाजू चार महिने झोडपली जाते आणि त्या बाजूच्या भिंती आतून दमट होतात. गणपतीचे तोंड पूर्वेला करायचे म्हटले की मूर्तीची पाठ, आणि मखराचीही, नेमकी पश्चिमेच्या भिंतीला लागते. ती बाहेरची भिंत असेल तर पुठ्ठा मागून अखंड ओल पीत राहतो. मघाशी सांगितलेली वीतभर जागा इथेही उपयोगी पडते, कारण मधून हवा खेळते. शक्य असेल तर मखर दोन खोल्यांमधल्या भिंतीकडे ठेवावे. तीही जागा नसेल, तर भिंत आणि मखर यांच्या मध्ये जुन्या साडीचा पडदा सोडावा. पडदा भिंतीला चिकटवायचा नसतो, दांड्याला टांगायचा असतो, आणि साडीपेक्षा सुंदर पार्श्वभूमी मी तरी बाजारात पाहिलेली नाही.

टेप जिथे टिकतो अशा जागा घरात असतातच: ऑइल पेंटची चौकट, सनमायकाचे कपाट, स्वयंपाकघराच्या टाइल्स, खिडकीची काच. ती जागा आधी कोरड्या फडक्याने आणि मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्यावी आणि टेप अंगठ्याने नीट दाबून बसवावा. टाइल्सवर तेलाचा अदृश्य थर असतो हे विसरू नये.

छताला टांगलेली तोरणे पंख्याने पिळली जात असतील, तर ती एका दोऱ्यावर टांगलेली असतात म्हणून. दोन बोटांच्या अंतरावर दोन दोरे घेतले की तोरण गिरकी घेत नाही, आणि खालच्या टोकाला एखादा जड मणी ओवला की ते फडफडतही नाही.

फुले मिटतात, रंग उतरतो

कार्डशीटच्या पाकळ्या पेन्सिलीवर गुंडाळून गोल केल्या, तर दमट हवेत त्या हळूहळू सरळ होतात. कागदाला दिलेली गोलाई ओलीने सुटते, त्याला फारसा इलाज नाही. क्रेप कागद ताणून केलेल्या पाकळ्या तुलनेने आकार धरून राहतात, पण क्रेप कागदाचा रंग कच्चा असतो: ओला हात लागला, किंवा ताज्या हाराचे पाणी निथळले, की लाल-गुलाबी ओघळ खालच्या वस्त्रावर उतरतात. आमच्याकडे एकदा पांढऱ्या शाडूच्या मूर्तीच्या शेल्यावर असा डाग पडला, आणि त्या वर्षीपासून मी मूर्तीच्या वर क्रेप कागद लावणे बंद केले.

त्याऐवजी अस्तराचे सुती कापड वापरावे. शिंप्याकडची चिंधी फुकट मिळते, आणि एकाच रंगाचे हवे असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटात मीटरवर स्वस्त मिळते. कापडाची वर्तुळे कापून, मधोमध सुईने चुण्या ओढून केलेली झेंडूची फुले ओलीची पर्वा करीत नाहीत, धुता येतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहतात. नवे रंगीत कापड मात्र आधी भिजवून त्याचा रंग जातो का ते पाहावे. फेल्ट आणि फोम शीटची फुलेही टिकतात, फक्त फोम हे शेवटी प्लास्टिकच आहे. एकदा घेतले तर ते दहा वर्षे वापरावे, नाहीतर घेऊच नये.

दिव्यांविषयी थोडक्यात: समई, निरांजन आणि उदबत्ती यांपासून कागद-कापड किमान हातभर दूर ठेवावे, आणि मखरावर फक्त एलईडीच्या माळा सोडाव्यात. जुन्या बल्बच्या माळा गरम होतात, आणि गरम गोंदाचे जोड तेवढ्यानेही मऊ पडतात.

दिवाळीचा कंदील: तेच दुखणे, उलट्या कारणाने

आकाशकंदिलाच्या वेळी लोक म्हणतात, आता तर पाऊस नाही, मग जोड का सुटतात? तिथे कारण ओल नसते, उष्णता असते. गॅलरीत टांगलेल्या कंदिलावर दुपारी ऊन पडते, रात्री आत बल्ब असतो, आणि गन-मधला गोंद उन्हात तापलेल्या गडद कागदाखाली, त्यातही बल्बच्या जवळ, ढिला पडतो. आत पाच वॅटच्या आतला एलईडी दिवा लावावा आणि वर हवा जाईल असे तोंड उघडे ठेवावे. कामट्यांचे सांधे दोऱ्याने करकचून बांधावेत, आणि कागद लावायला मात्र जुनी मैद्याची खळच घ्यावी.

खळीला नावे ठेवणारे म्हणतात की तिला बुरशी येते आणि झुरळे लागतात. पावसाळ्यात हे खरे आहे, आणि म्हणून मी ती मखराला वापरत नाही. पुस्तकबांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालीत, तेही याच कारणासाठी. पण मोरचूद विषारी असते, म्हणून मुले असलेल्या घरात ते टाळावे आणि खळ रोज ताजी शिजवावी. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत ती काही तासांत वाळते आणि उन्हाने वितळत नाही. पताकेचा पातळ कागद कामट्यांवर खळीने डकवून पूर्ण वाळला की त्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा: कागद आधी सैल पडतो, पाहून आपल्या पोटात गोळा येतो, आणि मग वाळताना तो डफासारखा ताणून बसतो. आधी उरलेल्या कागदाच्या तुकड्यावर करून पाहावे आणि मगच खऱ्या कंदिलाला हात लावावा. रंग कच्चा असेल तर फवारा मारू नये.

माहीमच्या कंदील गल्लीतून तयार कंदील आणणाऱ्यांनीही त्याचे सांधे घरी आल्यावर एकदा तपासावेत आणि जिथे नुसता गोंद दिसेल तिथे दोऱ्याचे दोन वेढे द्यावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

जपून ठेवताना

विसर्जनानंतर मखर त्याच संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकणे ही पुढच्या वर्षीच्या दुखण्याची सुरुवात असते, कारण कागदाने दहा दिवसांत प्यायलेली ओल पिशवीतच कोंडली जाते. सुटे भाग कपाटाच्या मागे किंवा पलंगाखाली उघडे ठेवावेत, ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की एक दुपार गॅलरीत वाळवावेत, आणि त्यानंतरच बांधावेत. ज्या तुकड्यावर काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तो पुसून ठेवू नये, टाकून द्यावा, नाहीतर त्याची बुरशी शेजारच्या तुकड्यांना लागते. कापडाची फुले धुऊन, वाळवून, निराळ्या डब्यात ठेवावीत. डांबराच्या गोळ्यांनी कसर लांब राहते, ओल मात्र कमी होत नाही. त्यासाठी बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वर्षभर जमवून ठेवाव्यात.

आणि बांधलेले मखर सोडण्यापूर्वी प्रत्येक भागाच्या मागे पेन्सिलीने खुणा कराव्यात: डावा पाय, उजवा पाय, कोणत्या छिद्रातून कोणता दोरा, वर कोणते टोक. शाईने लिहू नये, कारण ती ओलीत फुटून पुढच्या बाजूला उमटते. आमच्या मखराच्या डाव्या पायावर मागून ‘डावा’ असे दोन निरनिराळ्या वर्षांच्या अक्षरांत लिहिलेले आहे आणि उजव्यावर एकदाही नाही, त्यामुळे दर वर्षी पहिली दहा मिनिटे आम्ही दोन डावे पाय शोधत बसतो.